एका अडॅप्टरवर पाच पेडलं: नऊ व्होल्टची ब्रिटिश गोष्ट

गिटार वाजवणाऱ्याच्या घरात दुसरं पेडल आलं की पहिला प्रश्न सुराचा नसतो, प्लगचा असतो. भिंतीत सॉकेट दोन, त्यातलं एक लॅपटॉपला. मग कोणीतरी सांगतं की एक अडॅप्टर घे, त्याला पाच तोंडांची वायर मिळते, झालं काम. इंग्रजीत त्या वायरीला डेझी चेन म्हणतात. चार पेडलं मजेत चालतात. पाचवं लावलं की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, किंवा सगळंच गप्प.

याचं तांत्रिक उत्तर कोणीही देईल, आणि ते पुढे येईलच. पण आपण इतिहासवाले, त्यामुळे आपला प्रश्न थोडा वेगळा: हा घोळ मुळात होऊ कसा दिला? ज्या देशात भिंतीतल्या प्लगच्या पिना किती लांब असाव्यात हेसुद्धा ठरलेलं आहे, तिथे त्या प्लगच्या पलीकडे, पायाशी ठेवलेल्या डब्यांमध्ये एवढी बेबंदशाही का?

थोडं मागे जाऊ या. 1922 साली बीबीसी सुरू झाली, तेव्हा बहुतेक ब्रिटिश घरांत वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले, तोही एका नाही, तीन-तीन बॅटऱ्यांवर. व्हॉल्व तापवायला 2 व्होल्टचा अ‍ॅक्युम्युलेटर, मुख्य कामाला शंभरेक व्होल्टची जाडजूड कोरडी बॅटरी, आणि 'ग्रिड बायस'साठी एक छोटी, बहुधा 9 व्होल्टची. अ‍ॅक्युम्युलेटर उतरला की तो आम्लाने भरलेला काचेचा डबा सांभाळत सायकलच्या किंवा रेडिओच्या दुकानात न्यायचा, चार्ज करून आणायचा. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ही वारी.

साउथएंडच्या एरिक कोल या तरुणाने विल्यम व्हेरेल्स या शिक्षकाच्या साथीने यावर तोडगा विकायला काढला: घरच्या विजेवर चालणारा डबा, ज्यामुळे बॅटरीच नको. नाव अगदी सरळ, 'बॅटरी एलिमिनेटर'. त्यातूनच पुढे एक्को ही मोठी रेडिओ कंपनी उभी राहिली. हा शब्द घरी विचारून बघा. महाराष्ट्रात 80च्या दशकात टेपरेकॉर्डर आणि ट्रान्झिस्टर वापरलेल्या कुठल्याही काका-मावशीला 'एलिमिनेटर' आठवेल. आपण ज्याला अडॅप्टर म्हणतो तो हाच, फक्त नाव बदललेला.

पण एलिमिनेटर घेताना गिऱ्हाइकाला आधी विचारावं लागे: तुमच्या गल्लीत वीज कुठली? कारण एका कंपनीची डीसी, दुसरीची एसी, व्होल्टेज वेगळं, फ्रीक्वेन्सी वेगळी. एकट्या लंडनमध्ये डझनांनी वीज कंपन्या होत्या. हा गोंधळ आपोआप मिटला नाही, सरकारने मिटवला. 1926च्या कायद्याने सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड आलं, 1930च्या दशकात नॅशनल ग्रिड उभी राहिली, 50 हर्ट्झ हा देशाचा ठोका ठरला, आणि 1948मध्ये वीजधंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं.

प्लगचंही तसंच. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, नंतरच्या घरबांधणीसाठी वायरिंग कसं असावं हे ठरवायला समिती बसली. त्यात कॅरोलिन हॅस्लेट या एकमेव बाई होत्या. घरातल्या लहान मुलांचा विचार करून सॉकेटच्या भोकांवर झडप हवी, ही मागणी त्या समितीच्या 1944च्या अहवालात आहे. 1947 साली त्यातून बीएस 1363 आला, म्हणजे इथला चौकोनी पिनांचा प्लग, आत फ्यूज असलेला. वरची अर्थिंगची पिन मुद्दाम लांब आहे. ती आधी आत जाते, झडप उघडते, मग बाकीच्या दोन. गंमत बघा: भारतात आपण वापरतो तो गोल पिनांचा प्लग याच्या आधीच्या, 1934च्या ब्रिटिश बीएस 546 घराण्यातला. 1947 साली ब्रिटिश भारतातून निघाले आणि त्याच वर्षी स्वतःच्या घरात गोल पिनाही सोडायला लागले. आपल्याकडे त्या राहिल्या त्या राहिल्याच. सुट्टीहून आणलेला चार्जर इथे बसत नाही, त्याला हे कारण.

आता गिटारकडे. 1950च्या दशकात ट्रान्झिस्टर आला, त्याच्यामागोमाग खिशातला रेडिओ, आणि त्याच्यासाठी दोन बटणांची चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी. दीड व्होल्टचे सहा सेल एका डब्यात, म्हणून नऊ. ब्रिटनमध्ये अजूनही तिला पीपी 3 म्हणतात. पीपी म्हणजे 'पॉवर पॅक', हे नाव एव्हर रेडी कंपनीच्या यादीतलं. थोडक्यात, नऊ हा आकडा गिटारसाठी कोणी निवडलाच नव्हता. दुकानात ती बॅटरी होती, एवढंच.

1965मध्ये लंडनमध्ये गॅरी हर्स्टने टोन बेंडर बनवला, अमेरिकन मायस्ट्रो फझ-टोनच्या धर्तीवर. मायस्ट्रो 3 व्होल्टवर चाले, टोन बेंडर नऊवर. डेन्मार्क स्ट्रीट आणि चॅरिंग क्रॉस रोडच्या परिसरात मॅकारी बंधूंनी तो विकला. पुढच्याच वर्षी आर्बिटर कंपनीचा गोल थाळीसारखा फझ फेस आला. आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, सुरुवातीला बरेचदा सफकमधल्या न्यूमार्केट या गावी बनलेले. हो, घोड्यांच्या शर्यतींचं न्यूमार्केट.

याच 1965ची एक गोष्ट आपल्या जवळची. यार्डबर्ड्स बँडने 'हार्ट फुल ऑफ सोल' रेकॉर्ड करताना मुख्य धून वाजवायला स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. ते रेकॉर्डिंग झालंही, पण बँडला हवी तशी ठसठशीत धून उतरेना. शेवटी जेफ बेकने तीच धून फझ लावून गिटारवर वाजवली आणि ती बाजारात गेली. सतारीच्या जवारीची जागा एका बॅटरीवरच्या डब्याने घेतली. यावर चिडायचं की हसायचं हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सतारवाल्याचं नावही कोणाला आठवत नाही, हे जास्त खटकतं.

या डब्यांमध्ये अडॅप्टरचं भोकच नव्हतं. गरज काय? फझ फेस साधारण 1 मिलिअँपिअर वीज खातो, बॅटरी महिनोनमहिने पुरते. आणि प्रत्येक डब्याला स्वतःची बॅटरी, म्हणजे विजेच्या दृष्टीने प्रत्येक पेडल एक वेगळं बेट. एकाचा दुसऱ्याशी संबंध फक्त आवाजाच्या केबलपुरता.

इथेच पहिला सापळा आहे. त्या काळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर बहुतांशी पीएनपी जातीचे. त्यांच्या सर्किटमध्ये बॅटरीचं प्लस टोक जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेलं. नंतर सिलिकॉनचे एनपीएन ट्रान्झिस्टर आले आणि मायनस ग्राउंड झालं. वेगवेगळ्या बॅटऱ्या असतील तर दोघं शेजारी सुखाने राहतात. पण दोघांना एकाच अडॅप्टरवर घ्या: एकात ग्राउंड म्हणजे अडॅप्टरचं प्लस, दुसऱ्यात मायनस, आणि दोन्ही ग्राउंड गिटारच्या केबलच्या जाळीने एकमेकांना बांधलेले. म्हणजे तुम्ही अडॅप्टरची दोन टोकं थेट जोडलीत. शॉर्ट! 'सगळंच गप्प' होतं ते हे.

दुसरा सापळा जपानमधून आला. 1977 साली बॉसची छोटी पेडलं निघाली आणि जगभर पसरली. त्यांत अडॅप्टरचं भोक होतं, पण मधली पिन मायनस. बाकी बऱ्याच उपकरणांत मधली प्लस असते, मग इथे उलट का? बॅटरीचं मायनस टोक आधीच इनपुट जॅकमधून जातं, जेणेकरून केबल काढली की बॅटरी बंद व्हावी. म्हणून अडॅप्टर लावल्यावर बॅटरी तोडायची तर प्लस तोडावं लागतं, आणि स्वस्तातल्या सॉकेटमध्ये आपोआप तुटणारा संपर्क बाहेरच्या कड्याचा असतो. प्लस बाहेर, मायनस मध्ये. एका स्वस्त सुट्या भागाच्या सोयीने जगाचं 'मानक' ठरलं! कुठली समिती नाही, अहवाल नाही.

वर बॉसच्याच जुन्या पेडलांवर 'एसीए' अडॅप्टर लिहिलेलं, नव्यांवर 'पीएसए'. पहिला अनियंत्रित, 12 व्होल्टच्या आसपासचा, दुसरा नेमका 9. जुनं एसीए पेडल एकटंच 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर लावलं तर त्याचा लाल दिवा मंद होतो. पण त्याच माळेत एखादं पीएसए पेडल जोडलं तर चांगलं चालतं, कारण आतला व्होल्टेज पाडणारा भाग केबलच्या ग्राउंडमुळे वळसा घालून टाळला जातो. सेकंडहँड पेडल घेऊन 'बिघडलंय' म्हणून परत करण्याआधी हे आठवा.

'माळ' म्हटलं खरं, पण ही दिवाळीतल्या जुन्या लाइटच्या माळेसारखी नाही. तिथे दिवे एकामागोमाग असतात, इथे पेडलं समांतर. व्होल्टेज सगळ्यांना तेच, करंटची मात्र बेरीज. साधी फझ-ओव्हरड्राइव्ह जातीची पेडलं 5 ते 20 मिलिअँपिअरमध्ये भागवतात. 80च्या दशकात डिजिटल डिले आले ते 50-60 मागू लागले, आजचे मोठे रिव्हर्ब 300च्या घरात. तसल्याला पीपी 3 दोन तासही धड पुरणार नाही. म्हणजे अडॅप्टर ही हौस राहिली नाही, सक्ती झाली. वर डिजिटल पेडल वीज झटक्या-झटक्याने ओढतं, ते झटके त्याच वायरीने शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये शिरतात आणि डिस्टॉर्शनचं तर कामच बारीक गोष्ट मोठी करणं. बारीक शिट्टी येते ती तिथून. जाड घूं येते ती बहुतेकदा भिंतीतल्या 50 हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची. भारतातही 50च, त्यामुळे पुण्यातली आणि लेस्टरमधली घूं एकाच सुरात असते. अमेरिकेतल्या चुलतभावाची वर, 60ची.

या घूंवर एक घातक घरगुती उपाय पूर्वी चाले, अजूनही कानावर येतो: अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची तार काढून टाका. आवाज खरंच कमी होतो. इथे उपकरणं प्लगशिवायच विकली जायची, प्लग घरी बसवावा लागे. तो बसवलेलाच असावा, हा नियम 1994चा. तारांचे रंगही 1970च्या सुमारास लाल-काळा-हिरव्याचे बदलून तपकिरी-निळा-हिरवापिवळा झाले. अशा काळात कोणी कुठली तार कुठे लावली असेल, देव जाणे. गिटारच्या तारा पेडलांमधून, अँपमधून थेट त्या लांब पिनेपर्यंत जोडलेल्या असतात. ती वाट कुठे तुटली आणि काही बिघडलं, तर वाट तुमच्या शरीरातून जाते.

मे 1972मध्ये स्वॉन्झीत, स्टोन द क्रोज बँडचा 27 वर्षांचा गिटारवादक लेस हार्वी कार्यक्रम सुरू असताना मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नव्हतं. मे 1976मध्ये कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना असाच गेला, वय 33. रेल्फ म्हणजे यार्डबर्ड्सचा गायक, त्याच 'हार्ट फुल ऑफ सोल'चा. 9 व्होल्टने कोणी मरत नाही. पण 9 व्होल्टची घूं घालवायला लोक 240 व्होल्टचं संरक्षण काढतात, भीती ती आहे.

घूं घालवायची खरी वाट 70च्या दशकातच लंडनमध्ये दिसली होती. पीट कॉर्निश नावाचा कारागीर पेडलांची सर्किटं त्यांच्या डब्यांतून काढून एका मोठ्या पाटावर बसवून द्यायचा, वीजपुरवठ्यासकट, सगळ्याचा एकत्र विचार करून. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरसाठी त्याने असे पाट केले. अर्थात ती चैन गिल्मोरला परवडणारी. सामान्यांसाठी पुढे 'आयसोलेटेड' सप्लाय आले: भिंतीतून वायर एकच, पण आत प्रत्येक तोंडासाठी वेगळं, एकमेकांना न जोडलेलं वेटोळं. म्हणजे प्रत्येक पेडलला पुन्हा स्वतःची बॅटरी असल्यासारखं.

तेव्हा पाचवं पेडल घेताना डब्यामागचं चिन्ह बघा, मिलिअँपिअरची बेरीज करा आणि अडॅप्टरची क्षमता त्याहून बरीच जास्त ठेवा. डिजिटलला वेगळं तोंड द्या. आणि हाताशी जुना जर्मेनियम फझ आला, तर त्याला माळेत ओढू नका. तो 1 मिलिअँपिअर खातो, त्याला एक पीपी 3 द्या, आणि वाजवून झालं की त्याची केबल काढून ठेवा.