झाशीचा वेढा आणि धर्मनिर्णयाचा प्रश्न

नीतिशास्त्राचे ग्रंथ ज्या प्रश्नाला शेकडो पृष्ठे देतात, तो एका भिक्षुकाने शास्त्रार्थाचा कसलाही आव न आणता मराठी गद्यात मांडून ठेवला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि पुढच्या वर्षी झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ वाचला गेला. कर्तव्याकर्तव्याचा विचार म्हणून मात्र फारसा नाही.

झाशीचे प्रकरण आरंभापासूनच तत्त्वांच्या झगड्याचे आहे. गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा औरसासारखाच वारस. डलहौसीने खासगी मिळकतीपुरते हे मान्य केले, राज्यापुरते नाकारले, आणि १८५४ साली संस्थान खालसा झाले. पुढे ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत शरण आलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली. राणीने कमिशनर अर्स्किन याला पत्रे लिहून या कृत्याचा धिक्कार केला व आपली असमर्थता कळविली. अर्स्किनने कारभार तिच्याकडे सोपविला, तरी दोषाचा डाग सरकारने पुसला नाही.

परंतु खरा पेच १८५८ च्या एप्रिलमधला. तात्या टोपे यांची कुमक बेतवेकाठी उधळली गेली, ह्यू रोजची फौज तटावरून आत शिरली, शहरात कापाकापी सुरू झाली. गोडसे सांगतात की, ते दृश्य पाहून राणीने वाड्यात दारू भरून स्वतःस जाळून घेण्याचा निश्चय केला होता. तेव्हा एका वृद्ध सरदाराने तिला अडविले: आत्महत्या हे पातक, त्यापेक्षा रात्री वेढा फोडून निघावे. राणी निघाली. शहर मागे राहिले, आणि त्या शहरात गोडसेही राहिले. त्यांनी पुढचे दिवस लपून काढले, प्रेते पाहिली, कमाई लुटारूंच्या हाती दिली.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात असेच पेच जमविले आहेत. तेथे हॅम्लेट आहे, दुष्काळात अभक्ष्य भक्षण करू पाहणारा विश्वामित्र आहे. पुष्कळांच्या पुष्कळ सुखाने नीती मोजणाऱ्या पाश्चात्त्य मताचे त्यांनी पुढे खंडन केले. बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानली. झाशीला हे दोन्ही गज लावून पाहावेत. परिणामाच्या गजाने राणीचे जाणे निष्फळ ठरते: नगर वाचले नाही, दोन-अडीच महिन्यांत तीही ग्वाल्हेरजवळ पडली. पण वाड्यात जळून जाण्यानेही कोणी वाचले नसते. वृद्ध सरदार तर परिणामाची गोष्टच आधी काढत नाही; तो निषेधापासून आरंभ करतो आणि मग मार्ग दाखवितो. उपदेशाचा हा क्रम मला मार्मिक वाटतो. नियम येथे हात बांधीत नाही, मोकळे करतो.

त्याहून विलक्षण गोष्ट ही की, परिणाम ज्याने अंगावर घेतले तो साक्षीदार राणीला दोष देत नाही. पुढे काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी धुळीने माखलेली, पठाणी वेषातली राणी त्याला भेटते, ओंजळीने पाणी पिते आणि आपली बाजू सांगते. तिचा आशय असा: मूठभर तांदळावर निर्वाह होणाऱ्या विधवेला हा उद्योग करण्याचे कारण नव्हते, हिंदुधर्माचा अभिमान म्हणून विधवाधर्म सोडला. हे शब्द पाव शतकानंतरच्या आठवणीतून उतरले आहेत, म्हणून ते जसेच्या तसे राणीचे मानण्याचा आग्रह मी धरणार नाही. गोडशांना मात्र तो निर्णय असाच समजला, एवढे निश्चित. विधवेचे आचार कडकपणे पाळणाऱ्या समाजातला एक भिक्षुक हे निषेधाच्या एका शब्दाविना लिहितो!

चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापताना त्यात पुष्कळ फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली निघाली. परक्या सत्तेखालच्या संपादकाची सावधगिरी समजू शकते. अनुवादकाची अडचण निराळी. अमृतलाल नागरांना हिंदीत 'धर्म' हा शब्द आयताच मिळाला. इंग्रजीत त्याच वाक्यातील एका 'धर्मा'ला पंथवाचक आणि दुसऱ्याला कर्तव्यवाचक शब्द योजावा लागतो, आणि मग राणीने एकाच तराजूत घातलेल्या दोन गोष्टी वाचकाला दोन निरनिराळ्या जातीच्या वाटू लागतात.