पाटीगणितांतील गुणनप्रकार आणि पंतोजींची तयारी

मुलांस अंकगणित शिकविणाऱ्यास क्रिया बिनचूक करतां आली म्हणजे पुरे, कीं त्या क्रियेचें कारणही त्यास ठाऊक असावें, हा प्रश्न अध्यापक तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढें येतो. आपल्याकडे हा विचार पाश्चात्य शिक्षणाबरोबर आला, तत्पूर्वीं केवळ घोकंपट्टी होती, असें पुष्कळ वेळां लिहिलें जातें. हें मत उपलब्ध साधनांवरून कितपत टिकतें, तें येथें पाहूं.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास रचिलेल्या लीलावतींत संकलित, व्यवकलित, गुणन, भागहार, वर्ग, वर्गमूळ, घन व घनमूळ अशीं आठ परिकर्में आहेत. बेरीज एकंस्थानापासून करा किंवा शेवटच्या स्थानापासून करा, दोन्ही क्रम ग्रंथकारास मान्य आहेत. गुणनासाठीं १३५ हा गुण्य व १२ हा गुणक घेऊन एकच उदाहरण अनेक रीतींनीं करावयास सांगितलें आहे. पहिली रीति सरळ गुणनाची. दुसरींत गुणकाचे ८ व ४ असे खंड करावयाचे. १०८० व ५४० मिळून १६२० येतात. तिसरींत १२ चे ३ व ४ हे अवयव घेऊन १३५ ला प्रथम चोहोंनीं व आलेल्या ५४० ला तिहींनीं गुणावयाचें. चौथींत गुणकाचीं स्थानें वेगळीं करून १३५ व २७० हीं फळें आपापल्या स्थानीं मांडून मिळवावयाचीं. पांचवींत गुणकांत इष्ट अंक मिळवावयाचा किंवा त्यांतून वजा करावयाचा. उदाहरणार्थ, १२ ऐवजीं २० घेतले तर २७०० येतात. अधिक घेतलेल्या ८ चे १०८० त्यांतून काढिले कीं पुन्हां १६२० च.

आजच्या अध्यापक विद्यालयांत वितरण व साहचर्य या नांवांनीं जे गुणधर्म शिकविले जातात, तेच या रीतींच्या मुळाशीं आहेत. दुसरी, चौथी व पांचवी रीति वितरणावर उभी आहे, तिसरी साहचर्यावर. मात्र येथें मर्यादा सांभाळली पाहिजे. भास्कराचार्यांनीं हे गुणधर्म स्वतंत्र सिद्धांत म्हणून मांडले नाहींत. कृति म्हणून सांगितले. शिवाय हा प्रकार त्यांच्यापासूनच निघाला असेंही नव्हे. इ. स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धांतांत ब्रह्मगुप्तानें गोमूत्रिका, खंड, भेद व इष्ट असे गुणनप्रकार दिलेच आहेत. कृतीचें कारण सांगण्याचें काम टीकाकारांनीं केलें. कोंकणांतील नांदगांवचे ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ यांनीं शके १४६७ (इ. स. १५४५) मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहिली, तिचें वैशिष्ट्य म्हणजे तींतील उपपत्ति. ‘असें करावें’ एवढ्यावर न थांबतां ‘असें कां होतें’ हें सांगणारी ही टीका अध्यापकाच्याच उपयोगाची होय.

अशा अध्यापनास आश्रयही होता. चाळीसगांवजवळील पाटण येथील शके ११२८, प्रभव संवत्सरांतील (इ. स. १२०७) शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणिला. भास्कराचार्यांचे नातू, यादवराज सिंघणाचे ज्योतिषी चांगदेव यांनीं आपल्या आजोबांचे ग्रंथ सांगितले जावे म्हणून तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. मठास द्यावयाच्या उत्पन्नाच्या बाबी मराठींत कोरल्या आहेत.

आतां पंतोजींच्या शाळेकडे वळूं. तेथें धुळपाटी, उजळणी व संध्याकाळचा परवचा. पंतोजी होण्यास निराळें शिक्षण नसे. जो घोकून मोठा झाला तोच पुढें घोकवी. उपपत्ति पोथींत राहिली व पाढे तोंडीं राहिले, हें कबूल केलें पाहिजे. तथापि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी यांची घडण पाहावी. छत्तिसाची पाऊणकी २७. म्हणजे ३६ मधून त्यांचा पाव, ९, वजा. सोळाची औटकी ५६. म्हणजे तिप्पट ४८ व निमे ८. पहिलींत इष्टगुणनाचा न्याय आहे, दुसरींत खंडगुणनाचा. कारण नाहीसें झालें नव्हतें. तें सांगणारा नव्हता, एवढेंच.

मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीनें कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं चोवीस शिक्षक तयार करवून १८२६ सालीं गुजराथ, दख्खन व कोंकण येथील शाळांवर पाठविले. जर्व्हिस यांनीं शास्त्र्यांच्या साहाय्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत आणिले. पुढें १८४५ सालीं अध्यापकवर्गाची व्यवस्था बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. पण १८४६ सालींच त्यांचें निधन झालें. शिक्षक नेमण्यापूर्वीं त्यास शिकविलें पाहिजे, ही व्यवस्था नवी, व तिचें श्रेय ज्याचें त्यास दिलें पाहिजे. परंतु त्या वर्गांत शिकवावयाचें कारणज्ञान परकें नव्हतें. नवी होती ती संस्था. विद्या जुनीच होती.

या दोहोंमधला दुवा, म्हणजे पोथींतील उपपत्ति गांवच्या पाटीपर्यंत कितपत पोंचत होती, हें ग्रंथांवरून ठरणार नाहीं. तें ठरेल तर उजळण्यांच्या बाडांवरून, पाढ्यांच्या सुट्या पानांवरून आणि समासांत केलेल्या कच्च्या आंकडेमोडीवरून. दफ्तरें निवडतांना हीच पानें ‘किरकोळ’ म्हणून प्रथम बाहेर जातात. संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, बखर व सनद यांच्या शेजारीं यांसही जागा द्यावी, आणि गांव, घराणें व मिळाल्याची तारीख पानाबरोबर टिपून ठेवावी. ज्या पानावर एखाद्या पंतोजीनें गुणाकार दोन रीतींनीं करून ताळा पाहिला असेल, तें पान आमच्या प्रश्नाचें उत्तर देईल. तें रद्दींत गेलें तर उत्तरही त्याबरोबर जाईल.