हॉस्पिटल एकट्या कंपनीला का घाबरत नाही?

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. पीएमटीच्या गर्दीत ऐकायला जमलं नसेल, तर इथे निवांत वाचा.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, पण तिच्यात एक माणूस आपल्याकडच्या मुळांचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन चेस या तीन कंपन्यांनी जाहीर केलं, की आमच्या कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च आम्ही एकत्र येऊन आटोक्यात आणणार. तिघींचे मिळून सुमारे १२ लाख कर्मचारी. बातमी आली त्या दिवशी विमा कंपन्यांचे शेअर गडगडले. प्रमुख म्हणून नेमले गेले डॉ. अतुल गवांदे. सर्जन, लेखक, आणि वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. या प्रयोगाला पुढे 'हेवन' असं नाव मिळालं. पैसा होता, डोकी होती, डेटा होता. आणि जानेवारी २०२१ मध्ये हेवन बंद करत असल्याची घोषणा झाली.

का? कारणं बरीच सांगितली गेली. मला त्यातलं एक सगळ्यात पटतं. १२ लाख माणसं होती खरी, पण देशभर विखुरलेली. हॉस्पिटल मात्र एका शहरात असतं. एखाद्या शहरात या तीन कंपन्यांचे मिळून थोडेच पेशंट येणार असतील, तर तिथलं हॉस्पिटल दर कशाला कमी करेल? उलट बाजू बघा. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात १९९० मध्ये काही मालकांनी मिळून 'द अलायन्स' नावाची सहकारी संस्था काढली. नाव जगाला माहीत नाही, पण ती अजून चालू आहे. तिचे पेशंट एकाच भागातले, त्यामुळे तिथल्या हॉस्पिटलांना तिच्याशी बोलावंच लागतं.

आता पुण्यात या. समजा बाणेरमध्ये ६० जणांचा एक स्टार्टअप आहे आणि त्यांचा ग्रुप मेडिक्लेम आहे. एकाला कॅन्सर झाला, दोघांच्या आईवडिलांची बायपास झाली. विमा कंपनी वर्षाअखेरीस हिशोब मांडते: प्रीमियम किती आला, क्लेम किती गेले. पुढच्या वर्षीचा प्रीमियम वाढतो. मग एचआरचा मेल येतो: यंदापासून आईवडिलांचं कव्हर ऐच्छिक, पैसे तुमचे. यात खलनायक कोणी नाही. ६० माणसांत जोखीम पसरायला जागाच नसते, एवढंच. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आणखी ६० जणांची कंपनी, तिचीही हीच रड. आणि दोघी त्याच हॉस्पिटलचे दर वेगवेगळ्या दारांतून भरतायत.

मालकांनी एकत्र येऊन आजारपणाचा खर्च उचलायचा, ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नवी फॅशन नाही. मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आदारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल आला. ब्रिटनमध्ये सामाजिक सुरक्षेचा आराखडा केला होता विल्यम बेव्हरिज यांनी, म्हणून आदारकरांना 'छोटा बेव्हरिज' म्हटलं गेलं. त्यांच्या कामावरूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तोच आपला ईएसआय.

कायदा झाला तरी योजना लगेच सुरू झाली नाही. सुरुवात कानपूर आणि दिल्लीत करायची ठरली. तिथले मालक म्हणाले, आम्ही पैसे भरायचे आणि दुसऱ्या शहरातल्या कारखानदाराने नाही? आमचा माल महाग होणार, त्याचा स्वस्त राहणार! मुद्दा बिनतोड होता. मग १९५१ मध्ये कायदा बदलला: योजना तुमच्या शहरात पोहोचलेली असो वा नसो, देशभरातल्या मालकांनी वर्गणी भरायची, जिथे सुरू झाली तिथे थोडी जास्त. त्यानंतरच, २४ फेब्रुवारी १९५२ ला, पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात उद्घाटन झालं.

मला या इतिहासातली ही सगळ्यात कामाची जागा वाटते. एकत्र यायला कोणाची ना नसते. अडतं ते 'तो भरत नाही, मग मी का भरू' इथे. ती पळवाट बंद झाली आणि गाडी सुटली.

दुसरं उदाहरण तर आपल्या मार्केट यार्डातलं. हमालाचा मालक कोण? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्याच्या ट्रकवर. प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नाही. कंबर मोडली तर जबाबदारी कोणाचीच नाही. पुण्यात बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कायद्याने कोडं कसं सोडवलं? एक मालक सापडत नाही ना, मग सगळे मिळून मालक! कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस मंडळ सांभाळणार, वैद्यकीय मदतीसारख्या सोयीही लेव्हीतूनच. कोपरखैरण्याचं माथाडी हॉस्पिटल याच चळवळीचं फळ. लेव्हीवरून भांडणं आजही होतात. पण पोतं उचलणाऱ्या माणसासाठी हे झालं, आणि लॅपटॉपवाल्यांसाठी 'फार किचकट आहे' म्हणतात, याचं मला नवल वाटतं.

स्वेच्छेने एकत्र येणंही पुण्याने पाहिलंय. कोविडमध्ये मराठा चेंबर, म्हणजे १९३४ पासूनची आपली उद्योजकांची संघटना, आणि तिच्याभोवती जमलेला 'पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स' यांनी कंपन्यांना एकत्र आणलं. एप्रिल २०२१ मध्ये 'मिशन वायू'तून सिंगापूरहून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवले गेले. एकट्या कंपनीला त्या आठवड्यात हे जमलं असतं? पण संकटातली एकी वेगळी आणि दर वर्षी प्रीमियम भरतानाची एकी वेगळी.

तर मग आज कुठे अडलंय? ईएसआयला पगाराची मर्यादा आहे. २०१७ पासून महिना २१ हजार. जुलै २०१९ पासून मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के. हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसचं चित्र डोळ्यांसमोर आणा. गेटवरचा सिक्युरिटी गार्ड आणि हाउसकीपिंगच्या ताई ईएसआयमध्ये. त्यांच्यासाठी चिंचवडचं मोहननगर किंवा बिबवेवाडीचं हॉस्पिटल. वर चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअर मेडिक्लेमवर. इमारत एक, खाती दोन.

यात दोघांचंही नुकसान आहे. ईएसआयकडे माणसं भरपूर, पण रांग लांब असली की ट्विट करणारा, एचआरला मेल टाकणारा वर्ग त्यातून केव्हाच बाहेर पडलाय. आणि आमच्या वर्गाकडे आवाज आहे, पण आम्ही साठ-साठच्या तुकड्यांत वाटले गेलोय. संख्या एका बाजूला, आवाज दुसऱ्या बाजूला.

यावर लगेच कोणी म्हणेल, चला, दहा स्टार्टअप मिळून ग्रुप करू. तसं चालत नाही. फक्त विमा घेण्यासाठी जमवलेला ग्रुप विम्याच्या नियमांत बसत नाही. पण दुसऱ्या कामासाठी आधीपासून असलेली संघटना आपल्या सभासदांसाठी पॉलिसी घेऊ शकते. आणि पुण्यात उद्योगांच्या संघटनांची काय कमी आहे? त्यांनी एकाच शहरातल्या कंपन्यांची माणसं मोजून हॉस्पिटलांसमोर बसावं. नुसता दर विचारू नये. ऑपरेशननंतर किती जणांना परत भरती व्हावं लागलं, हेही विचारावं. आणि पहिल्याच महागड्या वर्षी कोणी पळून जाऊ नये म्हणून आधीच काही वर्षांचा करार करावा. कानपूरचा धडा तोच आहे.

आपण काय करू शकतो? पुढच्या वेळी एचआरचा रिन्यूअलचा मेल आला की तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षी प्रीमियम किती भरला आणि क्लेम किती गेले? आपण कोणत्या संघटनेचे सभासद आहोत? आणि आपल्याच ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांचं ईएसआय कार्ड खरंच निघालंय का? तिसरा प्रश्न विसरू नका. उत्तरं मिळाली तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.