घरगुती संगणक आणि लिनक्स: संचालन प्रणाली बसवण्याच्या प्रक्रियेचा इतिहास

प्रास्ताविक

लिनक्सचा इतिहास बहुधा कर्नलचा आणि परवान्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स तयार झाले, लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपला कर्नल प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. हा क्रम बरोबर असला तरी घरातील संगणकाच्या संदर्भात तो अपुरा ठरतो. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य परवान्याने दिले. परंतु ज्या संगणकावर विक्रेत्याने आधीच दुसरी प्रणाली बसवून दिलेली असे, त्यावर ही नवी प्रणाली उतरवण्याचे काम वापरकर्त्यालाच करावे लागे. ते जमत नव्हते तोवर परवान्यातील स्वातंत्र्य सामान्य घरापुरते कागदावरच राहिले. इन्स्टॉलर नावाचा दुर्लक्षित कार्यक्रम या इतिहासाच्या केंद्रस्थानी का ठेवावा लागतो, याचे उत्तर येथे मिळते.

फ्लॉपींचा काळ

लिनक्सचा जन्मच एका घरगुती संगणकावर झाला. टॉरवाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे हप्त्यांवर घेतलेल्या त्या यंत्रात ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट स्मृती होती. त्यावर मिनिक्स ही शिकवण्यासाठी तयार केलेली प्रणाली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस मोडेमला पाठवायची आज्ञा चुकून हार्ड डिस्कच्या विभागाकडे गेली आणि मिनिक्सचा विभाग नष्ट झाला. मिनिक्स पुन्हा न बसवता लिनक्सच पुरेशी समर्थ करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. म्हणजे पहिल्याच घरात लिनक्सला पूर्ण जागा मिळाली ती एका अपघाताने. पुढील पंधरा वर्षे सामान्य वापरकर्त्याला ज्या अपघाताची धास्ती वाटत राहिली, तो नेमका हाच होता.

आरंभीच्या वापरकर्त्याला दोन फ्लॉपी मिळत. पहिल्या फ्लॉपीने कर्नल चालू होई, तर दुसरीत मोजकी साधने असत. बाकीचे सर्व हाताने जुळवावे लागे. ही अडचण ओळखून मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणक केंद्रातून फेब्रुवारी १९९२ मध्ये एमसीसी इंटरिम हे संकलन निघाले. त्याच वर्षी एसएलएस आले आणि त्याच्या आधाराने पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर प्रसिद्ध केले. स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती २४ फ्लॉपींची होती. ऑक्टोबर १९९४ मधील २.१ या आवृत्तीपर्यंत ही संख्या ७३ वर गेली. मूळ प्रणालीच्या फ्लॉपी 'ए' गटात, जाळेजोडणीच्या 'एन' गटात, तर चित्रमय पडद्याच्या 'एक्स' गटात असत. गटातील एखादी फ्लॉपी खराब निघाली तर काम तेथेच अडे. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी घोषित केलेल्या डेबियन प्रकल्पामागेही तत्कालीन संकलनांच्या निकृष्ट देखभालीविषयीचा असंतोष होता.

डिस्कचे विभाजन

खरी कसोटी मात्र फ्लॉपींची नव्हती. त्या काळच्या वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात विभागांचा तक्ता असे. त्यात चारच मुख्य नोंदींना जागा होती आणि त्या चार नोंदींवर संपूर्ण डिस्कवरील मजकुराचा ठावठिकाणा अवलंबून असे. विक्रेत्याकडून आलेल्या संगणकात एकच विभाग सारी डिस्क व्यापून बसलेला असे. नव्या प्रणालीसाठी जागा करायची तर तो पुसावा लागे, अन्यथा फिप्ससारख्या साधनाने दुभंगावा लागे. फिप्स केवळ फॅट पद्धतीच्या विभागांवर चालत असे; एनटीएफएस पद्धतीचे विभाग मजकूर न गमावता लहान करणारे मुक्त साधन २००२ च्या सुमारास उपलब्ध झाले. डिस्कवर घरातील हिशेब, पत्रे, मुलांचे प्रकल्प असत आणि त्यांची दुसरी प्रत क्वचितच असे. एक आकडा चुकला तर ते सारे जाण्याचा धोका होता. 'लिनक्स अवघड आहे' हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू येई. त्यामागे आज्ञा पाठ करण्याच्या कंटाळ्यापेक्षा ही भीती अधिक होती, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी अडचण यंत्रभागांच्या माहितीची होती. चित्रमय पडदा चालू करण्यासाठी मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारितेचे आकडे द्यावे लागत आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा मार्गदर्शिकांमध्ये छापलेला असे. आपल्या मॉनिटरचे हे आकडे किती गृहस्थांना ठाऊक असणार?

१९९९ मध्ये कॅल्डेरा कंपनीच्या ओपनलिनक्स २.२ या आवृत्तीत चित्रमय इन्स्टॉलर आला. धारिका डिस्कवर उतरत असताना वापरकर्त्याला टेट्रिस हा खेळ खेळता येत असे. ही गंमत वाटली तरी तिचा अर्थ गंभीर आहे: प्रथमच यंत्र काम करत होते आणि माणूस मोकळा होता. क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने २००० नंतर याहून मोठा बदल घडवला. सुमारे दोन गिगाबाइट सामग्री संकोचित रूपात एका सीडीवर ठेवून ती प्रणाली डिस्कला हात न लावता चालवता येई. नवी प्रणाली आपल्या यंत्रावर चालते की नाही, हे काहीही पणाला न लावता पाहण्याची सोय झाली. उबुंटूने जून २००६ च्या ६.०६ या आवृत्तीत या दोन्ही कल्पना एकाच सीडीवर आणल्या.

भारतातील परिस्थिती

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले, पण ते टेलिफोनच्या तारेवरून. ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने अखंड चालला असता तरी ६५० मेगाबाइटची सीडी उतरवण्यास सुमारे २६ तास लागले असते, आणि तेवढ्या वेळाचे फोनचे देयक वेगळेच. त्यामुळे येथील घरांत लिनक्स पोहोचली ती प्रामुख्याने छापील मासिकासोबत. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी दिल्या आणि त्या बसवण्याच्या सूचना छापल्या. या प्रसाराशी अतुल चिटणीस यांचे नाव निगडित आहे. पुढे उबुंटूच्या मोफत सीडी टपालाने मागवता येऊ लागल्या. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांचा आधार देणारी डेबियन-आधारित प्रणाली प्रसिद्ध केली.

मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने एक प्रश्न उरत होता. इन्स्टॉलर अक्षरी पडद्यावर चाले आणि त्या पडद्याला एका वेळी २५६, फार तर ५१२ चिन्हेच दाखवता येत. प्रत्येक चिन्हाला ठरावीक चौकट. देवनागरीतील जोडाक्षरे, तसेच उच्चारात व्यंजनानंतर येणारी पण लेखनात त्याच्या आधी बसणारी ऱ्हस्व वेलांटी, या चौकटींत मावत नाहीत. भाषांतर उपलब्ध असूनही ते दाखवता न येण्याची ही स्थिती होती. डेबियनच्या एप्रिल २००७ मधील ४.० आवृत्तीत चित्रमय इन्स्टॉलर आल्यावर ती पालटली आणि फेब्रुवारी २००९ मधील ५.० आवृत्तीत इन्स्टॉलरच्या भाषांमध्ये मराठीची भर पडली. डिस्क पुसण्यापूर्वीचा इशारा मराठी माणसाला मराठीत वाचता येऊ लागला, तो त्यानंतर. त्यामागचे भाषांतराचे कष्ट कर्नलच्या इतिहासात नोंदले जात नाहीत.

नंतरचे अडथळे

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूटची पद्धत रूढ झाली. अधिकृत सही नसलेला कार्यक्रम संगणक चालू होताना नाकारला जाऊ लागला आणि लिनक्सच्या संकलनांना मायक्रोसॉफ्टची सही असलेला 'शिम' हा छोटा कार्यक्रम पुढे ठेवावा लागला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागत असल्याने चालू स्थितीतील अनेक संगणक अधिकृतपणे पात्र ठरले नाहीत आणि अशा घरांत लिनक्सचा पर्याय पुन्हा विचारात घेतला जाऊ लागला. विभाग लहान करणे आता इन्स्टॉलरमध्ये एक पट्टी सरकवण्याइतके सोपे आहे; मात्र बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कवर उबुंटूचा इन्स्टॉलर थांबतो आणि आधी विंडोजमध्ये जाऊन ते कुलूप काढण्यास सांगतो. त्या कुलपाची ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कोठे लिहून ठेवली आहे, हे मात्र घरातल्यांनाच शोधावे लागते.