सभासदत्वाचे मोल : रत्नागिरीच्या हापूस व्यवसायातील संघटनांचा ऐतिहासिक विचार

सारांश

लहान व्यावसायिकाने आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे सभासद व्हावे काय, हा प्रश्न बहुधा वर्गणी आणि तात्कालिक लाभ यांच्या हिशेबाने सोडविला जातो. प्रस्तुत लेखात रत्नागिरी परिसरातील हापूस आंबा व्यवसायाच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. संघटनेचे मोल हंगामी भाववाढीत न शोधता, एकट्या व्यक्तीला जे मिळूच शकत नाही त्यात शोधावे लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : व्यापारी संघटना, सहकार, हापूस, उचल, भौगोलिक निर्देशन

१. प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागायतदार हा शेतकरी आहे तसाच लहान व्यावसायिकही आहे. कलमांची निगा, फवारणी, राखण, काढणी, प्रतवारी, पेटी भरणे आणि माल बाजारात धाडणे ही सर्व कामे तो स्वतःच्या जोखमीवर करतो. काही जण इतरांच्या बागा कराराने घेऊन व्यवसाय वाढवितात. अशा व्यावसायिकापुढे सहकारी संस्था किंवा उत्पादक संघ सभासदत्वाचा अर्ज ठेवतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न साधा असतो : यातून मला काय मिळणार? हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. ज्याचे वर्षाचे उत्पन्न दोन-अडीच महिन्यांच्या हंगामावर अवलंबून आहे, त्याने प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणे स्वाभाविकच आहे. मात्र हा हिशेब कोणत्या मुदतीचा आणि कोणत्या वस्तूंचा मांडावा, हे ठरविण्यास इतिहासाचे साहाय्य होऊ शकते.

२. व्यापारी संघटनांची पूर्वपीठिका

पश्चिम भारतातील आधुनिक व्यापारी संघटनांचा इतिहास पाहता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. अस्तित्वात असलेल्या संघटनेत ज्यांना स्थान नव्हते, त्यांनी प्रत्येक वेळी नवी संघटना उभारली. १८३६ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्समध्ये युरोपीय व्यापारी पेढ्यांचे वर्चस्व होते. भारतीय व्यापाऱ्यांचे हितसंबंध मांडण्यासाठी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर ही संस्था निघाली. तिचाही केंद्रबिंदू मुंबई शहर हाच होता. शहराबाहेरील व्यापारी-उद्योजकांना आवाज मिळावा या हेतूने सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी पुढाकार घेतला आणि १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. १९३४ मध्ये पुण्यात ए. आर. भट यांच्या प्रयत्नांतून मराठा चेंबर उभे राहिले. पुढे लघुउद्योगांचे प्रश्न मांडण्यातही भट यांनी मोठा वाटा उचलला.

या संस्थांचे मुख्य कार्य सभासदाचा माल विकून देणे हे नव्हते. रेल्वेचे दर, जकात, कर, परवाने यांसारख्या विषयांवर सरकारशी बोलणारा अधिकृत पक्ष निर्माण करणे, हे त्यांचे प्रयोजन होते. एकट्या दुकानदाराचे पत्र आणि संघटनेचे निवेदन यांना शासनदरबारी मिळणारे वजन सारखे नसते. सभासदत्वाचा पहिला ऐतिहासिक लाभ म्हणजे हे वजन होय.

३. पेटी, उचल आणि पट्टी

रत्नागिरीच्या आंब्याची बाजारपेठ दीर्घकाळ मुंबईच राहिली आहे. पूर्वी जलमार्गाने, नंतर रस्त्याने आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यावर रेल्वेनेही वाहतुकीची सोय झाली. मुंबईतील घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातून १९९६ मध्ये वाशी येथे गेला. मार्ग बदलले, बाजाराची जागा बदलली. पण बागायतदार आणि दलाल यांच्यातील संबंधाचे स्वरूप फारसे बदलले नाही.

या संबंधाचे तीन दुवे आहेत. हंगामापूर्वी खते, औषधे आणि मजुरी यांसाठी दलालाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. त्या बदल्यात त्याच दलालाकडे धाडावयाची ती पेटी. आणि विक्रीनंतर हमाली, वाहतूक आदी खर्च वजा करून येणारा हिशेब म्हणजे पट्टी. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची जुनी पद्धत लक्षात घेतली, तर रत्नागिरीत बसलेल्या बागायतदाराला आपल्या पेटीचा प्रत्यक्ष भाव पडताळून पाहणे किती अवघड होते, हे ध्यानी येते. तथापि दलालाला केवळ शोषक ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. जेथे बँक वेळेवर पोहोचत नव्हती तेथे तो पैसा पुरवीत होता, नाशवंत मालाला गिऱ्हाईक मिळवून देत होता आणि एखाद्या वर्षी पीक बुडाले तर वसुली पुढच्या हंगामावर ढकलीत होता. संघटनेला स्पर्धा करावयाची होती ती या सर्व सेवांशी.

४. सहकाराचा मार्ग आणि कोकणातील मर्यादा

१९०४ च्या कायद्याने केवळ पतपुरवठा करणाऱ्या सहकारी संस्थांना मान्यता दिली होती. खरेदी-विक्री आणि उत्पादन यांसाठीच्या संस्थांना १९१२ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. पुढे १९२५ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम यांनी ही चौकट दृढ केली. किमान दहा व्यक्तींनी एकत्र यावे आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदास एकच मत असावे, ही तिची मूलतत्त्वे होत.

कायदा झाला म्हणून पतपुरवठा बदलला नाही. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या १९५४ च्या अहवालानुसार १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ हे सदस्य होते. कर्ज आणि विक्री यांची सांगड घातल्याशिवाय सहकार उभा राहणार नाही, हा या अहवालाचा गाभा होता. प्रवरानगरच्या साखर कारखान्याने ही सांगड प्रत्यक्षात आणली. ऊस तोडल्यावर त्वरित गाळावा लागतो, कारखाना जवळ असतो आणि पीककर्जाची वसुली उसाच्या बिलातून करता येते. सभासदाचे हित आणि संस्थेचे हित तेथे एकाच काट्यावर तोलले जाते.

आंब्याची प्रकृती वेगळी आहे. प्रत्येक बागेचे फळ निराळे, काढणी टप्प्याटप्प्याने होणारी आणि प्रतवारी घरच्या घरी केलेली. शिवाय हंगामाच्या प्रारंभीच्या पेट्यांना सर्वाधिक भाव मिळत असल्याने शेजारचा बागायतदार हा सहकारी असण्याआधी प्रतिस्पर्धी ठरतो. त्यातच ज्याने उचल घेतली आहे, तो संस्थेचा सभासद झाला तरी त्याची चांगली पेटी दलालाकडेच जाते आणि उरलेला माल संस्थेच्या वाट्यास येतो. अशा स्थितीत संस्थेला भाव कमी मिळतो आणि कमी भाव मिळतो म्हणून सभासद तिच्याकडे पाठ फिरवितो. या दुष्टचक्राचे मूळ सभासदांच्या नीतिमत्तेत शोधण्यापेक्षा पतपुरवठ्याच्या रचनेत शोधणे अधिक युक्त ठरेल.

१९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीमुळे कोकणात कलमांखालील क्षेत्र वाढले आणि विक्रीचा प्रश्न अधिक तीव्र झाला. लागवडीस शासनाचे अनुदान मिळाले. परंतु विक्रीची संघटना अनुदानाने निर्माण होत नाही. द्राक्ष बागायतदारांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप’च्या रूपाने आपल्या सहकारी संस्थांना निर्यातीसाठी एकत्र आणले, हे उदाहरण येथे तुलनेस घेता येईल. परदेशी ग्राहकाच्या कठोर निकषांमुळे तेथे समान प्रतवारी ही सभासदत्वाची अटच बनली.

५. नावाचा प्रश्न : भौगोलिक निर्देशन

मालाच्या विक्रीत जे फारसे साधले नाही, ते नावाच्या रक्षणात अपरिहार्य ठरले. परप्रांतातील आंबा रत्नागिरी किंवा देवगडच्या नावाने विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्यानुसार निर्देशनाच्या नोंदणीचा अर्ज उत्पादकांची संघटना किंवा त्यांचे हित पाहणारी संस्थाच करू शकते. एकटा बागायतदार, तो कितीही मोठा असला तरी, करू शकत नाही. सभासदत्व घ्यावे की नाही हा प्रश्न येथे वेगळ्याच पातळीवर जातो.

हापूससाठी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने २००८ मध्ये अर्ज केला. त्यानंतर हे नाव कोणाचे, रत्नागिरीचे की देवगडचे आणि उत्तर कोकणाचे काय, हा विचार प्रदीर्घ काळ चालला. १९८१ पर्यंत देवगड हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, हे लक्षात घेता या वादाचे स्वरूप घरच्या वाटणीसारखे होते. अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी नोंदणी झाली. विद्यापीठासह देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था, केळशी परिसर आंबा उत्पादक सहकारी संघ आणि कोकण हापूस आंबा उत्पादक व उत्पादक विक्रेते सहकारी संस्था यांची नावे या नोंदणीशी निगडित आहेत.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नाही. तिचे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. हा हक्क विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. नावाचा वापर करण्यासाठी प्रत्येक उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ‘वलसाड हापूस’ या नावासाठी २०२३ मध्ये अर्ज झाला, तेव्हा त्यास विरोध नोंदविण्याचे काम कोकणातील उत्पादकांच्या संघटनेलाच करावे लागले. वकील, कागदपत्रे, सुनावण्या यांचा भार शंभर कलमांचा धनी एकटा पेलू शकत नाही. ते काम व्यक्तीच्या आयुष्याहून दीर्घ आयुष्य असलेल्या संस्थेचेच आहे.

६. फुकट लाभाची अडचण

येथे एक रास्त आक्षेप उद्भवतो. नाव सर्वांसाठी राखले जाणार असेल, तर वर्गणी भरून सभासद होण्याचे कारण काय? अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयीच्या आपल्या ग्रंथात हाच पेच मांडला. लाभ सर्वांना मिळतो तेव्हा प्रत्येक जण खर्च दुसऱ्यावर सोडू पाहतो आणि समूह जितका मोठा, तितकी ही प्रवृत्ती बळावते. त्यामुळे केवळ सभासदांनाच मिळेल असा काही वेगळा लाभ संघटनेने दिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

या आक्षेपाला जोड मिळते ती बदलत्या बाजाराची. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. आज अनेक बागायतदार दूरध्वनीवर मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पेट्या पोहोचवितात. दलाल टळला, तर संघटनाही टळू शकेल असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु थेट विक्रीत ग्राहक पैसे मोजतो तो रत्नागिरी हापूस या नावावरील विश्वासासाठी. तो विश्वास डळमळला तर थेट विक्री करणाऱ्याचे नुकसान सर्वांत आधी होते.

लाभ जसा सामूहिक, तसा दोषही सामूहिक असतो. फळमाशीच्या प्रादुर्भावामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ मध्ये उठली. बंदी सदोष मालापुरती मर्यादित नव्हती. ज्याची बाग निर्दोष होती, त्याचाही आंबा थांबला. संघटनेबाहेर राहणारा वर्गणी वाचवू शकतो. शेजाऱ्याच्या चुकीचा दंड वाचवू शकत नाही. त्या शेजाऱ्याला नियम लावण्याचा अधिकार मात्र त्याला सभासद झाल्याखेरीज मिळत नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. समजा, एखाद्या बागायतदाराने शंभर पेट्यांच्या एका हंगामाचा जमाखर्च मांडला, तर संघटनेचे पारडे बहुधा हलके भरेल. कारण उचल देणारा दलाल आणि थेट ग्राहक हे दोघेही त्याला अधिक त्वरित काही देतात. मात्र शासनाशी बोलण्याचे वजन, नावावरील कायदेशीर हक्क आणि सामायिक दोषावर नियंत्रण ही तीन गोष्टी कोणत्याही भावाने एकट्याला विकत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी सभासदत्व मोलाचे आहे.

हे मोल नाममात्र सभासदत्वाने मिळत नाही. हंगामापूर्वीच्या पैशाची काही सोय संस्था करते काय, निकृष्ट माल नाकारण्याचे धैर्य तिच्यात आहे काय आणि वार्षिक सभेत हिशेब विचारला जातो काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पाहूनच अर्जावर सही करावी. पहिले दोन प्रश्न संस्थेला विचारावयाचे आहेत. तिसऱ्याचे उत्तर सभासदाने स्वतः सभेला हजर राहून द्यावयाचे आहे. एक सभासद, एक मत हे तत्त्व लहान बागायतदाराला मोठ्याच्या बरोबरीने बसविते, परंतु ते मत वापरले तरच.

या विषयाची बरीच साधने आजही घराघरांत आहेत. दलालांच्या जुन्या पट्ट्या, संस्थांची इतिवृत्ते, उचलीच्या नोंदवह्या वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र आणि वाणिज्य विभागांनी त्यांचे संकलन हाती घेतल्यास येथे मांडलेली विधाने अधिक काटेकोरपणे तपासता येतील.