मानगुटीतून डोळ्यात

नवरात्रात मोहटादेवीचं दर्शन झालं, दसरा सरला, की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेतलेले कोयते मुकादमाच्या गाडीत बसून साखर कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. परततात ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. परतलेल्या बायकांकडून एक दुखणं मी अनेकदा ऐकलं आहे. आधी मान धरते, मग कानशील ठणकायला लागतं आणि शेवटी एकाच बाजूचा डोळा उपटून निघेल असं वाटतं. डोळे तपासून होतात, चष्मा लागतो, ठणका जात नाही. कुणी त्याच बाजूची दाढ काढून घेते. दाढ जाते, दुखणं राहतं. घरात त्याला एकच नाव असतं, अर्धशिशी.

नाव जुनं आहे. अर्धं शीर्ष, ते अर्धशिशी. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गॅलेन यानं याच दुखण्याला ‘हेमिक्रानिया’ म्हटलं, म्हणजे अर्धी कवटी. तोच शब्द लॅटिन-फ्रेंचमधून झिजत आला आणि मायग्रेन झाला. म्हणजे पाथर्डीची म्हातारी आणि शहरातला न्यूरॉलॉजिस्ट अर्थानं एकच शब्द बोलतात. पण दुखतं कुठं एवढंच तो शब्द सांगतो. येतं कुठून, हे त्यात नाही.

ते सांगितलं सुश्रुतसंहितेनं. उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग मोजले आहेत. त्यातला सूर्यावर्त दिवसाबरोबर चढतो आणि कलत्या उन्हाबरोबर उतरतो. भुवई आणि डोळा हे त्याचं ठाणं. अर्धावभेदकात अर्धं डोकं फुटतं. आणि मग येतो अनंतवात, माझ्या मते त्या यादीतलं सर्वांत बारकाईनं टिपलेलं दुखणं. तो मन्येला, म्हणजे मानेच्या बाजूंना धरतो, मानगुटीत तीव्र वेदना करतो आणि तिथून डोळा, भुवई, कानशील इथं येऊन बसतो. गाल थरथरतो, जबडा धरतो, डोळ्याचे विकार होतात. क्रम बघा. आधी मान, मग डोळा. बायका सांगतात तोच.

उपचारही नोंदलेले आहेत. शीर तोडून रक्त काढणं, वात-पित्त शमवणारा आहार, आणि खायला तुपातले गोड पदार्थ. त्यात घृतपूर आहे, आजच्या घेवराचा पूर्वज. पहाटे दुधाबरोबर जिलेबी खायला सांगणारी घरगुती रीत ऐकली की मला तो घृतपूरच आठवतो. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात भुवई, कपाळ आणि कानशिलावर डाग द्यायला सांगितलं आहे, तेही डोकेदुखी आणि अधिमंथ या दोन्हींसाठी. अधिमंथ हा डोळ्याचा रोग. डोळा उपटल्यासारखा होतो आणि अर्धं डोकं घुसळून निघतं, असं त्याचं वर्णन आहे, आणि आजच्या काचबिंदूशी ते पुष्कळ जुळतं. इथं थांबून सांगायला हवं की डोळा लाल झाला, नजर धूसर झाली, दिव्याभोवती कडी दिसू लागली, उलटी झाली, तर मानेचा विचार नंतर. त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. उशिरानं नजर जाते.

पुढं धागा तुटला. १७५६ साली निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यविशारदानं आणि १७७३ साली लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी चेहऱ्यातल्या एका भयंकर कळेचं वर्णन केलं. वीज चमकावी तशी क्षणभर येणारी, घास चावताना, तोंड धुताना उठणारी. आज तिला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. आपल्याकडच्या अनेक वैद्यांनी अनंतवात म्हणजे हाच, असं मानलं. गाल आणि जबडा जुळले, पण मान त्या जुळणीत हरवली. मला ही मोठी हानी वाटते, कारण मूळ वर्णन सुरूच मानेपासून होतं.

मान परत आली ती विसाव्या शतकात. चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस कवटीत संपत नाही. तिचं एक केंद्र मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत खाली उतरतं आणि तिथं मानेच्या वरच्या तीन नसांचे तंतूही येऊन मिळतात. दोन ओढे एकत्र झाल्यावर पाणी कुठल्या रानातलं ते सांगता येत नाही, तसं मेंदूचं होतं. दुखावतो मणक्याचा सांधा, कळ भासते डोळ्यामागं. फ्रेडरिक केर यांनी १९६१ साली ही सांगड मांडली, आणि १९८३ साली नॉर्वेच्या ओटार स्यास्ता व सहकाऱ्यांनी मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र नाव दिलं. अर्थात प्रत्येक अर्धशिशी मानेतून येत नाही. खऱ्या मायग्रेनमध्येही मान आखडते, आणि तिथं मान हे कारण नसून लक्षण असतं. हा फरक ओळखायला तपासणाऱ्याच्या हातानं मान फिरवून बघणंही लागतं.

मग पाथर्डीच्या बाईची मान काय काय सोसते, ते बघायला हवं. ऊसतोडीत कामाचे प्रकार आहेत. बैलगाडी असेल तर गाडी सेंटर. ट्रक भरायचा असेल तर डोकी सेंटर. नावातच काम आहे. तोडलेल्या उसाची मोळी चुंबळीवर घ्यायची, फडातल्या ढेकळांतून चालायचं आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोची, खेपा दिवसभर, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. पश्चिम आफ्रिकेत डोक्यावरून लाकूड वाहणाऱ्यांच्या मानेची क्ष-किरण चित्रं तपासली गेली, १९९७ साली तो अभ्यास छापून आला. त्यांच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा अधिक होती. घरी परतल्यावर त्याच डोक्यावर हंडा आणि सरपण असतंच.

१७०० साली इटलीच्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत, तू काम काय करतोस, हा प्रश्न त्यांनी जोडायला सांगितला. इथल्या बाईला ‘मजुरी’ एवढं उत्तर देऊन भागतं आणि कागदावरही तेवढंच चढतं. तिला पुढं आणखी एक गोष्ट विचारायला हवी, गाडी सेंटर होतं का डोकी सेंटर?