दारू सोडणाऱ्यांची मीटिंग

समदुःखी माणसांनी एकत्र बसून परस्परांना सावरायचे, या पद्धतीचा सर्वाधिक पसरलेला नमुना म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, अर्थात ए.ए. अमेरिकेत तसा प्रयत्न आधीही झाला होता. १८४० साली बाल्टिमोरमधल्या सहा पिणाऱ्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यातून वॉशिंग्टनियन चळवळ उभी राहिली. जाहीर सभांत माणसे आपापली कहाणी सांगत आणि त्यांना मोठी गर्दी लोटे. मात्र दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेल्यावर ती काही वर्षांतच विरली.

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर व्यावसायिक बिल विल्सन कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला आणि हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच उरला. जवळच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. तोल जाणार हे त्याला कळले. त्याने तिथल्या चर्चच्या यादीतून फोन लावले आणि बोलायला एखादा मद्यपी हवा आहे, असे सांगितले. हे महत्त्वाचे आहे, कारण तो दुसऱ्याला वाचवण्यापेक्षा स्वतः तरण्यासाठी माणूस शोधत होता. त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. स्मिथ पंधराच मिनिटे द्यायला तयार होते, पण दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. उपदेश पुष्कळांनी केला होता. स्वतः त्यातून गेलेला माणूस त्यांना प्रथमच भेटत होता. १० जून १९३५ हा स्मिथ यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो.

१९३९ साली निघालेल्या पुस्तकाने संघटनेला नाव आणि ‘बारा पायऱ्या’ दिल्या. १९५० मध्ये क्लीव्हलँडला ‘बारा परंपरा’ स्वीकारल्या गेल्या. त्यांनुसार बाहेरून देणगी घ्यायची नाही, सार्वजनिक वादांत पडायचे नाही आणि प्रसिद्धीमाध्यमांत सदस्याने नाव गुप्त राखायचे. वॉशिंग्टनियन ज्या वाटेने बुडाले, ती वाट इथे मुळातच बंद केली गेली. १९५१ मध्ये बिलची पत्नी लोइस हिने कुटुंबीयांसाठी अल्‌-अ‍ॅनॉन सुरू केली. घरच्यांचे दुःख वेगळे असते, हे त्यामागचे सूत्र.

पुण्यात १९८६ साली अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही हाच धागा दिसतो. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्या रुग्णांना सोबत करतात आणि त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट भरतो.